विरंगुळ्याला कारण कशाला हवे?

संस्थांच्या भिंतींआड बंद असलेल्या बायकांविषयी आपली चळवळ बोलली ती बहुतेक वेळा काही भयंकर उघडकीला आल्यावर. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या, त्या काळी ज्यांना ‘मतिमंद’ म्हटले जाई अशा मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा आपण रस्त्यावर आलो. पाळीच्या दिवसांत या मुलींची स्वच्छता राखणे अवघड जाते, असे कारण तेव्हा देण्यात आले होते. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवडी इथे साखळदंडांनी बांधलेली माणसे आगीत जळून मेली, तेव्हाही आपण हादरलो, पत्रके काढली, सभा घेतल्या. ते करायलाच हवे होते.

पण ज्या दिवशी आग लागत नाही, ऑपरेशन होत नाही, वर्तमानपत्रात काही छापून येत नाही, अशा साध्या दिवशी मनोरुग्णालयाच्या स्त्री वॉर्डातली बाई काय करते? सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतच्या तिच्या वेळाचे काय होते? हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. मी तो इथे विचारते आहे.

मी समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेतलेली, तिशीतली बाई. गेली काही वर्षे एका सरकारी मनोरुग्णालयाच्या स्त्री वॉर्डात काम करते. कागदावर माझ्या कामाचे नाव ‘रिक्रिएशनल थेरपिस्ट’ असे भारदस्त आहे. वॉर्डातल्या बायका मला ‘खेळाची ताई’ म्हणतात आणि मला तेच नाव आवडते. खेळ, गाणी, चित्रे, गोष्टी, वर्तमानपत्राचे वाचन, आवारात फेरी, असे सारे माझ्या कामात येते. चळवळीतल्या एका मैत्रिणीने मला एकदा तोंडावर विचारले, “अगं, तिथे बायकांना धड कपडे नाहीत, आंघोळीला गरम पाणी नाही आणि तू लंगडी काय खेळवत बसतेस?” हा लेख म्हणजे त्या मैत्रिणीला आणि तिच्यासारखा विचार करणाऱ्या आपणा सगळ्यांना दिलेले उत्तर आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मनोरुग्णालयात बाईच्या विरंगुळ्याला दुय्यम मानले जाते, कारण घरीदारी सगळीकडेच बाईच्या विरंगुळ्याला दुय्यम मानले जाते. बाहेर तिला हसण्या-खेळण्यासाठी व्रताचे नाहीतर कामाचे निमित्त लागते. आत तिला ‘उपचारा’चे निमित्त लागते. आणि त्या उपचाराच्या नावाखाली बहुधा तिच्या वाट्याला येते ते पुन्हा कामच.

वॉर्डातला दिवस

ज्यांनी स्त्री वॉर्ड आतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आमच्या वॉर्डातला एक दिवस सांगते. पहाटे साडेपाचला उठवतात. रांगेने तोंड धुणे, रांगेने आंघोळ. चहा, नाश्ता, गोळ्या. मग अकरापर्यंत काही नाही. अकराला जेवण. मग चारपर्यंत काही नाही. चारला चहा. साडेपाच-सहाला रात्रीचे जेवण, गोळ्या आणि कुलूप. सहानंतर दुसऱ्या दिवशीच्या साडेपाचपर्यंत पुन्हा काही नाही.

हे ‘काही नाही’ किती मोठे असते, ते बाहेरच्या माणसाला सहज कळत नाही. घड्याळ परिचारिकांच्या खोलीत. आरसा नाही, कारण काच फुटेल. पेन्सिल नाही, कारण टोक लागेल. सुई-कात्री मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची. टीव्ही आहे, तो उंचावर जाळीच्या पेटीत. चॅनेल बदलायचा अधिकार जिच्या हातात किल्ल्या असतील तिचा. बायका भिंतीला टेकून ओळीने बसतात. काही जणी येरझाऱ्या घालतात. यातल्या काही येरझाऱ्या आजाराच्या नसतात, औषधांच्या असतात. आजार आवरणाऱ्या काही औषधांनी अंग ताठरते, हात कापतात, पाय स्वस्थ राहत नाहीत. पण केस पेपरवर नोंद होते ती ‘रेस्टलेस’ एवढीच.

अशा वॉर्डात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या बायका आहेत. त्यातल्या कित्येकींचा आजार केव्हाच आटोक्यात आला आहे. घरचे न्यायला येत नाहीत. पत्ता चुकीचा दिलेला असतो, नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते, भावाने जमिनीतले नाव कमी केलेले असते. धड माणसाला अशा खोलीत बसवून ठेवले तर सहा महिन्यांत त्याचे काय होईल? तरीही तिच्या मंदावण्याला, न बोलण्याला, कशात रस न घेण्याला आपण तिचा ‘आजार’ म्हणतो. त्यातला किती भाग आजाराचा आणि किती या रिकामेपणाचा, हे कोणी तपासत नाही.

पुरुषांच्या बाजूला परिस्थिती फार चांगली आहे असे मी म्हणणार नाही. पण तिथे व्हॉलीबॉलचे जाळे आहे. पुरुषांच्या तुकड्या बागेत, शेतात जातात. त्यांना मोकळी हवा मिळते. बायकांना आवारात नेऊ या म्हटले की उत्तर तयार असते: “मॅडम, काही झाले तर जबाबदार कोण?” हे ‘काही’ म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाईवर अत्याचार होईल ही भीती. त्यावर उपाय काय, तर बाईलाच आत ठेवा. मैत्रिणींनो, हे वाक्य आपण कुठेतरी ऐकले आहे ना? वसतिगृहाच्या मुलींना संध्याकाळी सातनंतर बाहेर पडू देत नाहीत, तेव्हा हेच म्हणतात.

उपचार की वेठबिगार?

मनोरुग्णांच्या उपचारात कामाला मोठे स्थान आहे. त्याला ‘ऑक्युपेशनल थेरपी’ म्हणतात आणि त्याचे शास्त्र आहे. गुंतलेले हात मनाला आधार देतात, हे मी रोज पाहते. तेव्हा कामाला माझा विरोध नाही. कोणते काम, कोणाच्या इच्छेने आणि कोणाच्या फायद्यासाठी, एवढेच मला विचारायचे आहे.

पुरुषांच्या विभागात सुतारकाम, विणमाग, बुक बाइंडिंग. बायकांच्या विभागात शिवण, गहू निवडणे, भाजी निवडणे, वाती वळणे. हा झाला अधिकृत भाग. अनधिकृत भाग यापेक्षा मोठा आहे. वॉर्ड झाडणे, फरशी पुसणे, जेवणाची भांडी उचलणे, अंथरुणात लघवी केलेल्या बाईचे कपडे बदलणे, म्हाताऱ्या रुग्णांना भरवणे, नव्याने आलेल्या आणि आरडाओरडा करणाऱ्या बाईला धरून ठेवणे. परिचरांच्या जागा रिकाम्या असतात, आणि ज्या बायका ‘बऱ्या’ आहेत त्या ही रिकामी जागा भरून काढतात. त्यांना कोणी मजूर म्हणत नाही. “शहाणी आहे हो ती, कामाला वाघ,” असे कौतुकाने म्हणतात. वॉर्डात ‘शहाणी’ या शब्दाचा अर्थ हा.

एका मावशींना मी विचारले, “मावशी, खेळायला येता का?” त्या म्हणाल्या, “ताई, बारा जणींना भरवायचंय, मग पुसायचंय. मला कुठला वेळ?” बाहेर असताना त्यांचे जे चालले होते, तेच आत चालले आहे. फरक एवढाच की बाहेर त्याला संसार म्हणत होते, इथे सुधारणा म्हणतात.

१९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने बंदी घातलेली वेठ. १९९८ साली त्याच न्यायालयाने सांगितले की सक्तमजुरीच्या कैद्यालाही कामाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे. म्हणजे गुन्हा सिद्ध होऊन तुरुंगात गेलेल्या माणसाला मजुरी मिळते. ज्या बाईचा गुन्हाच नाही, तिचे श्रम मात्र ‘थेरपी’ या एका शब्दात फुकट जिरतात. बाईच्या बिनमोल श्रमांवर आपण इतकी शिबिरे घेतली, फळ्यावर दिवसभराच्या कामाचे घड्याळ काढून दाखवले. ते घड्याळ एकदा स्त्री वॉर्डात नेऊन मांडले पाहिजे.

‘सुधारली’ म्हणजे काय झाली?

रुग्णाला घरी सोडताना ती कितपत सुधारली ते लिहावे लागते. पुरुषाच्या बाबतीत प्रश्न असतो, कामधंदा करू शकेल का? बाईच्या बाबतीत प्रश्न असतो, घरकाम करते का? स्वयंपाक येतो का? नवरा किंवा सासरा भेटायला येतो, तेव्हा तोही हेच विचारतो: “भाकरी करती का आता?” ती हसते का, तिला कोणी मैत्रीण आहे का, ती स्वतःहून काही मागते का, हे विचारणारा नातेवाईक मला क्वचित भेटला.

तिच्या आयुष्यात तिला स्वतःला काय आवडत होते, हा प्रश्न माझ्या कामाची पहिली पायरी आहे. आवड विचारायची, तिच्या शरीराला आणि मनाला काय झेपेल ते पाहायचे, त्याप्रमाणे आठवड्याची आखणी करायची, झाल्यावर नोंद ठेवायची. दहा-बारा जणींचा गट, त्याहून मोठा नाही. ऐकायला सोपे वाटते. पण “तुम्हाला काय करायला आवडतं?” असे विचारल्यावर बहुतेक बाया गोंधळतात. एकजण म्हणाली, “सगळं करते मी. सांगाल ते.” दुसरी म्हणाली, “नवऱ्याला आवडायचं गोडधोड.” तिसरीला तर हा आपल्याला फसवण्यासाठी विचारलेला प्रश्न आहे असेच वाटले. पन्नाशीच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा आवड विचारली जाते, तीही मनोरुग्णालयात!

आणि माझ्या अनुभवात पहिले उत्तर बहुधा नकाराचे येते. “मला नाही खेळायचं.” वरिष्ठांच्या लेखी हे ‘असहकार्य’ असते, नोंदवहीत तसेच लिहिले जाते. मी त्याच्या उलट मानते. जिचे उठणे, झोपणे, खाणे, केस कापणे, औषध, सारे दुसरे ठरवतात, तिच्या हातात नाही म्हणण्याची ही एकच जागा उरते. गोळीला नाही म्हटले तर जबरदस्ती होऊ शकते. चेंडूला नाही म्हटले तर काही बिघडत नाही. म्हणून माझ्या तासाला न खेळणारीलाही बसायची मुभा असते. कित्येक जणी आठवडेच्या आठवडे नुसत्या बसतात आणि एक दिवस आपणहून चेंडू उचलतात. त्या दिवशी तिने स्वतः काही ठरवलेले असते. हे तिच्या बरे होण्यात धरायचे की नाही? मी धरते. पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

पाहुण्यांसाठी करमणूक

वर्षभर कुलपात असलेला हॉल वर्षातून चार-पाच वेळा झाडून-पुसून निघतो. दहा ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन, आठ मार्च, पंधरा ऑगस्ट आणि मंत्री किंवा सचिव येणार असतील तो दिवस. मग आठ दिवस आधी निरोप येतो, “मॅडम, दोन डान्स बसवा.” ज्यांचे चांगले दिसेल अशा बायका निवडायच्या. त्यांना त्या दिवसापुरत्या साड्या मिळतात, गजरे मिळतात. कार्यक्रम झाला की साड्या मोजून परत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो: ‘मनोरुग्ण भगिनींनी धरला ठेका’. तिच्या परवानगीचा प्रश्न कोणाला पडत नाही. जिच्या घरच्यांनी ती मेली असे गावात सांगून ठेवले आहे, तिचा फोटो जिल्ह्याच्या पुरवणीत!

मनोरुग्णालयांचा अभ्यास करणारे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६१ सालच्या ‘असायलम्स’ या पुस्तकात अशा समारंभांवर लिहिले आहे. वार्षिक स्नेहसंमेलने, रुग्णांची नाटके, पाहुण्यांसाठी उघडे ठेवलेले दिवस यांतून संस्था स्वतःचे बरे चित्र उभे करते. साठ वर्षे उलटून गेली, तरी आपल्याकडे हे समारंभ तसेच चालू आहेत.

यात भर म्हणून बाहेरच्या महिला मंडळांचे संक्रांतीचे हळदीकुंकू. हेतू चांगला असतो, मी नाकारत नाही. पण वॉर्डात विधवा आहेत, टाकलेल्या आहेत, आपले लग्न झाले होते की नाही हेच ज्यांना नीट आठवत नाही अशाही आहेत. वाण घेऊन मंडळाची बाई पुढे येते आणि विचारते, “मिस्टर आहेत ना?” ओळीतल्या निम्म्या बायका मागे सरकतात. मी एका वर्षी सांगितले, कुंकू राहू द्या, तिळगूळ आणि वाण सगळ्यांना द्या, नाहीतर कार्यक्रमच नको. दुसऱ्या वर्षी ते मंडळ आले नाही. वरून मला विचारणा झाली. बायकांना मात्र त्या वर्षी आम्ही आपापसात काढलेल्या वर्गणीतून तिळगूळ मिळाला आणि कोणालाही मागे सरकावे लागले नाही.

निमित्ताची गरज

थोडे मागे जाऊन पाहू. आपल्याकडे बायकांचे खेळ कमी नाहीत. झिम्मा आहे, फुगड्या आहेत, भोंडला आहे, नागपंचमीचे झोके आहेत, मंगळागौरीची जागरणे आहेत. अंगात रग असलेले, घाम काढणारे, हसून हसून पोट दुखवणारे खेळ. पण यातल्या प्रत्येकाला निमित्त हवे. मंगळागौर नव्या सुनेची, तीही नवऱ्याच्या आयुष्यासाठी. ओवी म्हणायची ती जाते ओढताना. व्रत नाही, दळण नाही, अशा वेळी चार बायका नुसत्या बसून हसत असतील तर त्यांना ‘रिकामटेकड्या’ म्हणतात. पुरुष पारावर बसतात, कट्ट्यावर बसतात, टपरीवर उभे राहतात. त्यांना कोणी विचारत नाही की हे कशासाठी. त्यांचा विरंगुळा हा विरंगुळाच असतो. जातीप्रमाणे यातही फरक आहेत. ज्या बायकांना वाड्यातल्या मंगळागौरीत प्रवेशच नव्हता, त्यांच्या वाट्याला तर हे निमित्तही आले नाही.

म्हणून मला ‘करमणूक-उपचार’ या माझ्याच पदनामातल्या ‘उपचार’ या शब्दाशी थोडे भांडायचे आहे. खेळाने आजारावर चांगला परिणाम होतो. चेंडू झेलताना लक्ष एकाग्र होते, शेजारणीचे नाव लक्षात ठेवावे लागते, ताठरलेले खांदे हलतात. मी हे नाकारत नाही, उलट अहवालात रोज लिहिते. पण असा परिणाम झाला नाही, तर काय खेळ बंद करायचा? जी बाई कधीच बरी होणार नाही असे डॉक्टर म्हणतात, तिला गाणे ऐकण्याचा हक्क नाही? उपयोग सिद्ध झाल्यावरच बाईला आनंद द्यायचा, हा हिशोब मला मान्य नाही. आजाराला गुण यावा म्हणून खेळ ठेवा, जरूर ठेवा. पण आधी तो तिचा हक्क आहे म्हणून ठेवा.

कायदा आपल्या बाजूने आहे

हे माझ्या मनचे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. त्याचे २० वे कलम प्रत्येक कार्यकर्तीने वाचावे. त्यात काय आहे, पाहा. विरंगुळा, करमणूक, शिक्षण आणि धर्माचरण यांसाठी वाजवी सोयी. कामाची सक्ती नाही, आणि काम केले तर योग्य मोबदला. स्वतःचे कपडे वापरण्याची मुभा, गणवेशाची सक्ती नाही. सक्तीचे मुंडन नाही. खाजगीपणा. पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू. ही सगळी एकाच कलमात, एकाच यादीत आहेत. क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क असे त्या कलमाचे स्वरूप आहे. म्हणजे करमणूक न मिळणे हे कायद्याच्या दृष्टीने मुंडनाच्या आणि मारहाणीच्या शेजारी बसते. ती कोणाच्या मर्जीची गोष्ट राहिलेली नाही.

१९ वे कलम सांगते की घरच्यांनी नाकारले किंवा घर नाही, एवढ्या कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातही संस्कृती आणि करमणूक यांवर स्वतंत्र कलम आहे. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराच्या ३० व्या कलमातही तेच आहे.

आणि प्रत्यक्ष? २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे राष्ट्रीय महिला आयोग आणि निम्हान्स यांच्या अहवालाचा दाखला आला. सॅनिटरी नॅपकिन न मिळणे, खाजगीपणा नसणे, मुंडन, मुलांपासून ताटातूट, अशा गोष्टींकडे न्यायालयाला लक्ष वेधावे लागले. बऱ्या झालेल्या रुग्णांना महाराष्ट्रात भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याबद्दलही न्यायालयाने त्याच सुमारास नाराजी व्यक्त केली. कायदा झाला म्हणजे वॉर्डाचे कुलूप उघडले, असे होत नाही.

“आधी भाकरी, मग गाणे”

आता माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. कपडे नाहीत, पाणी नाही, तिथे खेळ कसला? चळवळीत हा युक्तिवाद आपण फार वर्षे ऐकतो आहोत. आधी स्वातंत्र्य, मग बायकांचे प्रश्न. आधी वर्गलढा, मग बायकांचे प्रश्न. ‘आधी-मग’च्या रांगेत आपल्याला कुठे उभे केले जाते, हे आपण चांगले ओळखतो. मग तीच रांग वॉर्डातल्या बाईला का लावायची?

शिवाय माझा अनुभव वेगळे सांगतो. आमच्या गटात वर्तमानपत्र वाचायला सुरुवात केली, तेव्हा पहिले दोन महिने बायका नुसत्या ऐकत होत्या. मग त्या बोलू लागल्या. पाणीटंचाईच्या बातमीवरून वॉर्डातल्या पाण्याचा विषय निघाला. त्यातून सात जणींनी मिळून गरम पाण्यासाठी अर्ज लिहिला. सह्या केल्या, अंगठे उठवले. पाणी आले ते या अर्जामुळे. जी एकत्र बसते, हसते, ती एकत्र मागतेही. आपले महिला मंडळ तरी कसे उभे राहिले? गाणी, नाटके, खेळ यांतूनच ना? भाकरी आणि गाणे यांत निवड करायला सांगणारा नेहमी तोच असतो, ज्याच्याकडे दोन्ही आहे.

दुसरा आक्षेप असा की काम बंद केले तर बायका आणखी रिकाम्या बसतील. काम बंद करा, असे मी म्हणत नाही. कामाचे पैसे द्या, कामाची वेळ ठरवा आणि काम संपल्यावरचा वेळ तिचा असू द्या. हे जमते. कोलकात्याच्या पावलोव रुग्णालयात ‘अंजली’ या संस्थेने धुलाई केंद्र उभे केले, तिथे काम करणाऱ्या रुग्णांना मोबदला मिळाला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ प्रकल्पाने मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या बायकांना राहण्याच्या आणि रोजगाराच्या वाटा शोधून दिल्या. तिथे कोणी बाईला वाती वळायला लावून तिचे पुनर्वसन झाले असे म्हटले नाही.

आणि हे काम करणारी

शेवटी थोडे आम्हा काम करणाऱ्यांविषयी. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली असे आम्हाला शिकवतात. तेव्हापासून रुग्णालयातले समाजकार्य बरेच पुढे आले. पण वॉर्डात आजही मानाची उतरंड तीच आहे. वर डॉक्टर, मग परिचारिका आणि तळाला ‘मनोरंजनवाल्या बाई’. अकरा महिन्यांचा करार, मधे एक दिवसाची खंडित सेवा, पुन्हा अकरा महिने. माझी पदवी असलेल्या माणसाला तिथे पत्ते शोधणे, फॉर्म भरणे, पाहुण्यांना फिरवणे ही कामे आधी असतात. खेळाचा तास वेळ उरला तर. रंग, चेंडू, वह्या यांसाठी स्वतंत्र तरतूद आमच्याकडे नाही. आम्ही देणगीदार शोधतो, नाहीतर पदरचे घालतो.

२०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात ‘रिक्रिएशनल थेरपिस्ट’ हा शब्द आला आहे. कला, नृत्य आणि हालचालींवर आधारित उपचार करणाऱ्यांच्या सोबतीने त्यांचे नाव लागले. आनंद आहे. पण कायद्यात नाव येणे आणि वॉर्डात जागा मंजूर होणे यांत मोठे अंतर आहे. बायकांनी बायकांसाठी केलेल्या प्रेमळ कामाला पगार कशाला, ही समजूत अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला जशी छळते, तशीच आम्हालाही छळते. रुग्ण बाईचे श्रम थेरपी म्हणून फुकट, आणि तिच्याबरोबर काम करणारीचे श्रम सेवा म्हणून स्वस्त. दोन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे.

म्हणून स्त्री संघटनांकडून मला काही ठोस हवे आहे.

एक, आपल्या जिल्ह्यात मनोरुग्णालय किंवा मनोरुग्णांची संस्था असेल तर स्त्री वॉर्डाला भेट मागा. समारंभाच्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी, दुपारी तीन वाजता जा.

दोन, तिथे विचारा: बायका आवारात कधी येतात? कोणती कामे करतात, त्यांचे पैसे किती, ते कोणाच्या हातात जातात? हॉलची किल्ली कोणाकडे असते?

तीन, उत्तरे लेखी मागा. माहितीच्या अधिकाराखाली करमणुकीच्या साहित्यावरचा खर्च आणि मंजूर-रिक्त पदांची यादी मिळवा.

चार, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे ७७ व्या कलमाखाली रुग्ण स्वतः अर्ज करू शकते, आणि तिची संमती असेल तर नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधीही करू शकतो. या तरतुदीचा वापर करा. मंडळावर संस्थांच्या प्रतिनिधींसाठीही जागा असू शकते. तिथे आपल्या बायका जायला हव्यात.

पाच, वॉर्डात कार्यक्रम घेऊन जाणार असाल तर आधी तिथल्या बायकांना विचारा की त्यांना तो हवा आहे का. फोटो काढू नका. कुंकवावरून ओळी पाडू नका.

सहा, करमणूक-उपचाराच्या कायम जागा आणि त्यासाठी वेगळी तरतूद या मागण्या आपल्या आरोग्याच्या मागणीपत्रात घाला. आजपर्यंत मी पाहिलेल्या एकाही मागणीपत्रात त्या नव्हत्या.

बोलता बोलता “येरवड्याला पाठवा हिला”, “ठाण्याला दाखल करा”, असे आपण अजूनही म्हणतो. जास्त बोलणाऱ्या, जास्त हसणाऱ्या, नवऱ्याचे न ऐकणाऱ्या बाईला उद्देशूनच बहुधा ते म्हटले जाते. त्या भिंतीच्या आतली आणि बाहेरची बाई यांत अंतर किती थोडे आहे, हे त्यातूनच कळते. ‘रिकामटेकडी’ हे बिरूद दोघींच्याही डोक्यावर टांगलेले आहे. स्वतःचा रिकामा वेळ स्वतःचा म्हणून मागायला आपण अजून बिचकतो, म्हणूनच तिच्यासाठी तो मागायचे आपल्याला सुचत नाही. ते आता सुचायला हवे. येत्या आठ मार्चच्या मागण्यांत ही एक ओळ जाऊ द्या: वॉर्डाच्या आत असो की बाहेर, बाईच्या विरंगुळ्याला कारण विचारू नका.